मायकेल वॉटसनचं नाव यादीत का नाही?

ब्रिटनचा आजवरचा सगळ्यात मोठा बॉक्सर कोण, हा वाद चाहत्यांमध्ये कधी शिळा होत नाही. मोठी लढत तोंडावर आली, कुणी निवृत्त झालं, कुणी वारलं, की याद्या निघतात. कुणी लेनॉक्स लुईसला अव्वल ठरवतो, कुणी जो कॅलझागीला. जुन्या चित्रफिती उकरून काढणारा एखादा केन ब्युकॅनन किंवा जिमी वाइल्डचं नाव पुढे करतो, आणि टायसन फ्युरीचा विषय निघाला की माणसं हमरीतुमरीवर येतात. शेवटी एक हुकमाचं पान पडतंच: कॅलझागी, ४६ लढती, ४६ विजय, पराभव शून्य. समोरचा लगेच विचारतो, पण लढला कुणाशी? अमेरिकन दिग्गज हॉपकिन्सशी, तो ४३ वर्षांचा झाल्यावर. रॉय जोन्सशी, तो उताराला लागल्यावर. मग पुन्हा आकडे, पुन्हा पट्टे, पुन्हा वजनगट.

या वादात दोन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात कोंबले जातात. चांगला लढवय्या कोण, हा एक. आणि कुणामुळे हा खेळ बदलला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर विक्रमांच्या वहीत सापडू शकतं. दुसऱ्याचं सापडत नाही, कारण त्या वहीत रिंगबाहेर घडलेलं काहीच लिहिलेलं नसतं. माझं म्हणणं असं की, गेल्या पन्नास वर्षांत ब्रिटिश बॉक्सिंगला सगळ्यात मोठी देणगी दिली ती मायकेल वॉटसनने. ज्याने एकही जागतिक विजेतेपद जिंकलं नाही आणि ज्याची कारकीर्द वयाच्या २६ व्या वर्षी एका रात्रीत संपली. लुईस, कॅलझागी, फ्युरी ही मंडळी नसती तर ब्रिटनची शोकेस थोडी रिकामी राहिली असती. वॉटसन नसता तर आज हयात असलेली काही माणसं हयात नसती.

आधी विक्रमवाल्यांचं म्हणणं नीट ऐकून घेऊ, कारण ते पोकळ नाही. कॅलझागीला लेचापेचा ठरवणं हा निव्वळ खोडसाळपणा आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये शेफिल्डला त्याने माजी जगज्जेता ख्रिस युबँकला हरवून जागतिक विजेतेपद मिळवलं आणि पुढची दहा वर्षं ते सोडलं नाही. शिकवणारे वडील, एन्झो, मूळचे सार्डिनियाचे. स्वतः वादक, बॉक्सिंगचा कसलाच वारसा नाही. वेल्समधल्या साध्यासुध्या जिममध्ये बापलेकांनी हे घडवलं. २००६ मध्ये जेफ लेसी हा अमेरिकन त्याला चिरडणार असं सगळे म्हणत होते. कॅलझागीने मँचेस्टरमध्ये बारा फेऱ्या त्याला अक्षरशः शिकवणी दिली. हॉपकिन्स आणि जोन्स या दोघांनीही पहिल्याच फेरीत त्याला खाली पाडलं, तोही अमेरिकेत, आणि दोन्ही वेळा तो उठून जिंकला. शिवाय विक्रमवाले म्हणतात ते खरंच आहे की शेवटी हा खेळ आहे, समाजसेवा नाही. जिंकण्याला किंमत नसेल तर कुणी पहाटे उठून पळायला जाणार नाही. आणि जिंकणाऱ्यांकडे बघायला लोक आले नसते तर नियम सुधारायला खेळच उरला नसता. हे सगळं मान्य.

पण शून्य हा आकडा जेव्हा गुणवत्तेची खूण न राहता मालमत्ता होतो, तेव्हा तो जपण्याचा धंदा सुरू होतो. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लुईसने रिडिक बोला हरवलं होतं. (लुईस जन्माने लंडनचा, पण लहानपणी कॅनडात गेलेला, त्यामुळे ते सुवर्णपदक कॅनडाच्या खात्यात गेलं.) चार वर्षांनी बो व्यावसायिक जगज्जेता झाला, तोवर अपराजित, आणि लुईसशी लढणं त्याच्यावर बंधनकारक ठरलं. बोने काय केलं? डिसेंबर १९९२ मध्ये लंडनमध्ये पत्रकारांसमोर विजेतेपदाचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. ती लढत व्यावसायिक रिंगमध्ये कधीच झाली नाही. ब्रिटनचेच फ्युरी आणि अँथनी जोशुआ ऐन भरात असताना त्यांची लढतही अशीच वर्षानुवर्षं चर्चेतच राहिली. उलट लुईसचं बघा. दोनदा हरला, दोन्ही वेळा नॉकआउट. १९९४ मध्ये वेम्बलीवर ऑलिव्हर मकॉलकडून आणि २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानकडून. दोघांनाही त्याने पुन्हा गाठून हरवलं. रहमानला चौथ्या फेरीत झोपवलेला तो उजवा हात आजही आठवतो. मला विचाराल तर त्या दोन पराभवांमुळेच लुईस कॅलझागीहून मोठा वाटतो. पण हासुद्धा पहिल्याच प्रश्नातला वाद झाला.

आता इथे कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही पराभूतांचे भाट. ब्रिटिशांना शूर पराभूत आवडतोच, तुम्हीही त्याच रांगेत. ही शंका रास्त आहे, कारण तो रोग खरा आहे. १९३७ मध्ये टॉनिपँडीचा खाणकामगार टॉमी फार न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन जगज्जेता जो लुईस याच्यासमोर पंधरा फेऱ्या उभा राहिला, हरला, आणि वेल्समध्ये दंतकथा झाला. जून १९६३ मध्ये वेम्बलीवर हेन्री कूपरने चौथ्या फेरीच्या अखेरीला कॅशियस क्लेला (पुढचा मुहम्मद अली) डाव्या हुकने दोरांवर आडवा केला. घंटेने क्लेला वाचवलं, मग फाटलेला ग्लोव्ह दाखवून वेळ काढल्याचं प्रकरण झालं, आणि पुढच्या फेरीत कूपरच्या डोळ्यावरच्या जखमेतून रक्ताची धार लागल्यावर लढत थांबवली गेली. त्या एका ठोशावर कूपर पुढे आयुष्यभर देशाचा लाडका राहिला आणि २००० मध्ये सरही झाला. तो सज्जन होता, यात वाद नाही. पण त्याच्यामुळे बॉक्सिंगमध्ये काय बदललं? काहीही नाही. हेवीवेट फ्रँक ब्रुनोवर ब्रिटनने जीव ओवाळला आणि लेनॉक्स लुईसकडे, तो सगळे पट्टे एकत्र करून आला तरी, जरा परक्यासारखंच पाहिलं. पराभवाचं हे कौतुक मला शून्याच्या कौतुकाइतकंच उथळ वाटतं. दोन्हीकडे बॉक्सर म्हणजे आपल्या भावना टांगायची खुंटी. वॉटसनचं नाव मी घेतो ते तो हरला म्हणून नाही, आणि त्याची दया येते म्हणूनही नाही.

२१ सप्टेंबर १९९१. लंडनमधलं व्हाइट हार्ट लेन फुटबॉल मैदान, समोर ख्रिस युबँक. जूनमध्ये याच दोघांची लढत झाली होती आणि युबँकला दिलेला निर्णय अनेकांना पटला नव्हता. या वेळी वॉटसन सरळसरळ पुढे होता. त्याआधी १९८९ मध्ये याच वॉटसनने निजेल बेनसारख्या तोफेला घट्ट बचाव आणि जॅबच्या (सरळ ठोशाच्या) जोरावर थकवून सहाव्या फेरीत संपवलं होतं. सुबक, शिस्तीचा बॉक्सर. अकराव्या फेरीच्या शेवटी त्याने युबँकला गुडघ्यावर आणलं. आणि मग ते घडलं. युबँक उठला आणि त्याने खालून वर एक अपरकट मारला. वॉटसन मागे कोसळला, मान दोरावर आपटली. घंटा झाली, तो कोपऱ्यात जाऊन बसला. बाराव्या फेरीत तो उभा राहिला खरा, पण हात उचलत नव्हते. काही सेकंदांतच रेफरीने लढत थांबवली. थोड्या वेळाने वॉटसन शुद्ध हरपून रिंगमध्येच पडला.

रिंगजवळ डॉक्टर होते. नियमाप्रमाणे जेवढे हवे तेवढे होते. पण रिंगभोवती गर्दी आणि गोंधळ माजला, आणि डॉक्टरने त्याला तपासेपर्यंत सात मिनिटं गेली. मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाला सगळ्यात आधी लागतो तो प्राणवायू. श्वासनलिकेत नळी घालून श्वास चालू ठेवणं, सूज आटोक्यात आणणं, आणि मग थेट मेंदूशल्यक्रिया होते त्या रुग्णालयात पोचवणं. यातलं काहीही रिंगजवळ झालं नाही. त्याला आधी जवळच्या नॉर्थ मिडलसेक्स रुग्णालयात नेलं, तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. नळी तिथे घातली गेली. मग तिथून सेंट बार्थोलोम्यू. ठोशाने जे नुकसान केलं ते केलंच, पण त्यानंतरच्या अर्ध्या तासाने जे केलं ते टाळता आलं असतं. चाळीस दिवस कोमा, सहा शस्त्रक्रिया. शल्यविशारद पीटर हॅमलिन यांनी त्याला वाचवलं. अर्धं अंग मात्र गेलं.

इथवरची गोष्ट बॉक्सिंगमध्ये नवी नाही. अशा घटनेनंतर काय व्हायचं? वृत्तपत्रांत दोन दिवस हळहळ, संसदेत कुणीतरी बंदीची मागणी करायचं, मदतनिधीचा कार्यक्रम, आणि पुढची लढत. वॉटसनने वेगळं केलं. त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोलवर दावा लावला. बोर्डाचा बचाव असा की आम्ही लढत भरवली नाही, आम्ही फक्त नियम करतो आणि परवाने देतो. आमच्यावर जबाबदारी कशी? १९९९ मध्ये हायकोर्टात वॉटसन जिंकला. बोर्ड अपिलात गेलं आणि १९ डिसेंबर २००० रोजी लॉर्ड फिलिप्स यांच्या पीठाने निकाल कायम केला. तर्क साधा होता: ज्या संस्थेच्या नियमांशिवाय माणूस रिंगमध्ये पाऊल ठेवू शकत नाही, आणि वैद्यकीय व्यवस्था काय असावी हे जी संस्था ठरवते, तिच्या भरवशावरच तो माणूस डोकं पुढे करतो. मग काळजी घेण्याचं कर्तव्य तिचंच. बोर्डाचा विमा नव्हता. शेवटी चार लाख पौंडांवर तडजोड झाली आणि तेवढ्यासाठीही बोर्डाला लंडनमधलं आपलं कार्यालय विकावं लागलं.

याचा परिणाम काय झाला हे पाहायला लांब जायला नको. खरं तर निकालाआधीच, त्या रात्रीच्या धक्क्याने आणि हॅमलिन यांच्यासारख्यांच्या पाठपुराव्याने रिंगजवळची व्यवस्था बदलू लागली होती. फेब्रुवारी १९९५ मध्ये बेनविरुद्ध लढताना जेराल्ड मॅक्लेलन कोसळला. तो आंधळा आणि परावलंबी झाला, पण जगला. मे १९९८ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्पेन्सर ऑलिव्हर दहाव्या फेरीत पडला. रिंगजवळ भूलतज्ज्ञ होता, त्याने तिथल्या तिथे उपचार सुरू केले. ऑलिव्हर पूर्ण बरा झाला आणि पुढे टीव्हीवर बॉक्सिंगचं विश्लेषण करू लागला. डिसेंबर २००० मध्ये शेफिल्डला पॉल इंगल शेवटच्या फेरीत कोसळला, तातडीने शस्त्रक्रिया होऊन वाचला. ती तारीख होती १६ डिसेंबर. तीन दिवसांनी वॉटसनच्या अपिलाचा निकाल लागला. अपराजित विक्रमाच्या बाजूने असा एखादा जिताजागता साक्षीदार उभा करता येईल का?

सगळ्यात वजनदार आक्षेप पुढचा आहे. वॉटसनने हे सगळं निवडलं नव्हतं. अपघात हे कर्तृत्व नव्हे. निकाल न्यायाधीशांनी दिला, व्यवस्था डॉक्टरांनी सुधारली. बॉक्सर म्हणून त्याचं श्रेय काय? मला हा आक्षेप बराच काळ बिनतोड वाटत असे. पण त्यात एक गृहीतक दडलं आहे: बॉक्सरचं काम रिंगमध्ये सुरू होतं आणि रिंगमध्येच संपतं. अपघात त्याने निवडला नाही, दावा मात्र निवडला. व्हीलचेअरवर बसून, स्वतःला घडवणाऱ्या खेळाच्या सत्ताधाऱ्यांविरुद्ध वर्षानुवर्षं उभं राहणं, आणि तेही खेळावर किंवा युबँकवर सूड न उगवता, हे काय आपोआप झालं? त्याने बॉक्सिंगवर बंदी मागितली नाही. २००३ मध्ये त्याने लंडन मॅरेथॉन पायी पूर्ण केली, सहा दिवसांत, आणि शेवटच्या टप्प्यात सोबत चालायला ख्रिस युबँक होता. युबँकबद्दल असं म्हणतात की त्या रात्रीनंतर समोरच्याला संपवण्याची त्याची ईर्ष्याच गेली. कॅलझागीने शून्याच्या वाटेवर ज्याला हरवून पहिलं जागतिक विजेतेपद मिळवलं तो हाच युबँक, हे विक्रमांच्या वहीत दिसत नाही.

आणि बॉक्सिंगचा इतिहास पाहिला तर वॉटसन अपवादही नाही. ब्रिटिशांनी या खेळाला काय दिलं? खरं उत्तर म्हणजे नियम. ठोसे तर ग्रीकांच्याही आधीपासून मारले जात होते. पण ते नियम शांतपणे टेबलावर बसून कुणी लिहिले नाहीत. जवळपास प्रत्येक वेळी मागे एक प्रेत आहे. १७४३ मध्ये जॅक ब्रॉटनने पहिले लिखित नियम केले: पडलेल्याला मारायचं नाही, कमरेखाली धरायचं नाही, अर्ध्या मिनिटात रिंगच्या मध्यावर यायचं. हा ब्रॉटन स्वतः विजेता होता, आणि त्याच्याशी लढलेला जॉर्ज स्टीव्हन्सन त्या मारानेच पुढे मेला, त्याची टोचणी या नियमांमागे होती, असं परंपरेने सांगितलं जातं. १८३८ मध्ये ओवेन स्विफ्टशी लढताना 'ब्रायटन बिल' म्हणून ओळखला जाणारा बॉक्सर मेला आणि त्याच वर्षी नियम पुन्हा लिहिले गेले. १८६७ चे क्वीन्सबरी नियम, तीन मिनिटांची फेरी, पडलेल्याला उठायला दहा आकडे, हातमोजे, हे जॉन ग्रॅहम चेंबर्सने लिहिले आणि नाव लागलं उमरावाचं. आज पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सराव करणारा पोरगाही याच चौकटीत लढतो. ब्रॉटन १७५० मध्ये जॅक स्लॅककडून वाईट हरला, त्याच्यावर पैसे लावलेले ड्यूक ऑफ कंबरलंड संतापले. आज त्या पैजेचं कुणाला काय पडलंय? स्लॅकचं नाव अभ्यासकांपुरतं उरलं. ब्रॉटनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये जागा मिळाली.

डॅनियल मेंडोझाचंही तेच. लंडनचा ज्यू, उंची जेमतेम पाच फूट सात इंच. धष्टपुष्ट माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांना बडवतात, यालाच बॉक्सिंग म्हणायचे दिवस. त्याने बाजूला सरकणं, बचाव, पावलांची हालचाल आणली, लोकांना शिकवली, छापूनही काढली. १७९५ मध्ये जॉन जॅक्सनने त्याचे लांब केस मुठीत धरून त्याला बडवलं आणि विजेतेपद घेतलं. जॅक्सन सार्वजनिक रिंगमध्ये एकूण तीन वेळा लढला, पुढे बाँड स्ट्रीटवर उमरावांना शिकवत बसला. कवी बायरन त्याचा शिष्य. वही म्हणते जॅक्सन जिंकला. आज कुठल्याही जिममध्ये मुलाला पहिल्या आठवड्यात जे शिकवतात, ते मात्र मेंडोझाचं आहे.

या वहीचा आणखी एक दोष आहे आणि तो जास्त गंभीर आहे. तिच्यात कुणाचं नाव येऊ द्यायचं हेच अनेक वर्षं कुणीतरी ठरवत होतं. १९११ मध्ये काळा अमेरिकन जगज्जेता जॅक जॉन्सन लंडनमध्ये बॉम्बार्डियर बिली वेल्सशी लढणार होता. गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती लढत होऊ दिली नाही. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या बोर्डाने ब्रिटिश विजेतेपदासाठी लढणाऱ्याचे आईवडील गोरे असले पाहिजेत, असा नियमच ठेवला. मँचेस्टरच्या लेन जॉन्सनचे वडील सिएरा लिओनचे. १९२५ मध्ये त्याने ब्रिटिश विजेता रोलंड टॉडला दोनदा हरवलं, दोन्ही वेळा विजेतेपद पणाला न लावता. १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याने ब्रिटिश साम्राज्याचं विजेतेपद जिंकलं. मायदेशी त्याला मान्यता नाही. १९३३ मध्ये त्याने ग्लोव्ह्ज खुंटीला टांगले. विक्रमांच्या वहीत तो कोण? एक चांगला मिडलवेट, ब्रिटिश विजेतेपद नाही. नियम १९४८ मध्ये उठला आणि जूनमध्ये व्हिला पार्कवर डिक टर्पिन पहिला काळा ब्रिटिश विजेता झाला. तीन वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ रँडॉल्फ याने अर्ल्स कोर्टवर अमेरिकन जगज्जेता शुगर रे रॉबिन्सनला हरवलं. तोवर रॉबिन्सन शंभराहून अधिक व्यावसायिक लढतींत फक्त एकदा हरला होता. यादीत रँडॉल्फ असतो, डिक नसतो, लेन जॉन्सन तर नसतोच. आणि तो रँडॉल्फही दोन महिन्यांत परतीची लढत हरला, पैसा गेला, करवाल्यांनी पिच्छा पुरवला, आणि १९६६ मध्ये ३७ व्या वर्षी गोळीने त्याचा अंत झाला.

तेच जेन काउचचं. फ्लीटवूडची ही मुलगी १९९६ मध्ये परदेशात जाऊन जगज्जेती झाली, पण स्वतःच्या देशात बोर्ड परवाना देईना. १९९८ मध्ये लवादासमोर बोर्डाने केलेल्या युक्तिवादांपैकी एक होता मासिक पाळीचा: त्या दिवसांत बायका अस्थिर असतात, म्हणून लढू नयेत. काउच जिंकली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमधली परवानाधारक महिलांची पहिली व्यावसायिक लढत झाली, आणि चौदा वर्षांनी लंडन ऑलिंपिकमध्ये लीड्सच्या निकोला ॲडम्सने महिला बॉक्सिंगचं पहिलंवहिलं सुवर्ण जिंकलं. ॲडम्सचं कौतुक झालं ते योग्यच. काउच बऱ्याच लढती हरली, म्हणून तिला बाजूला ठेवणारे चाहते मी पाहिले आहेत. त्यांना विचारावंसं वाटतं: दार उघडणारीचं नाव पाटीवर नको, आणि त्या दारातून आत आलेल्यांचीच नावं हवीत, हा कुठला हिशेब?

एक गोष्ट मात्र कबूल करायलाच हवी. वॉटसननंतर मृत्यू थांबलेले नाहीत. २०१६ मध्ये ग्लासगोला माइक टॉवेल गेला. २०१८ मध्ये डॉनकास्टरला स्कॉट वेस्टगार्थ लढत जिंकूनही वारला. डोक्यावर मारणं हेच ज्या खेळाचं उद्दिष्ट, तो कितीही डॉक्टर बसवले तरी निर्धोक होणार नाही; बंदीवाल्यांच्या या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी आजही लढती पाहतो. पण धोका संपत नाही म्हणून धोका कमी करणाऱ्याचं काम क्षुल्लक ठरत नाही.

हा खेळ त्या रात्रीपासून काय शिकला ते एप्रिल २०२५ मध्ये दिसलं. युबँकचा मुलगा आणि बेनचा मुलगा, दोघांची लढत टॉटनहॅमच्या नव्या स्टेडियममध्ये झाली, साठ हजारांहून जास्त लोक. ते स्टेडियम जुन्या व्हाइट हार्ट लेनच्या जागेवरच उभं आहे. जाहिरात सगळी बापांच्या वैराची. युबँकच्या पोराचं वजन किंचित जास्त भरलं म्हणून पावणेचार लाख पौंडांचा दंड, आणि लढतीच्या सकाळीही वजन ठराविक आकड्याच्या वर जाऊ द्यायचं नाही अशी अट. शरीर सुकवून रिंगमध्ये उतरलेल्या माणसाच्या मेंदूला इजेचा धोका वाढतो, ही भीती डॉक्टर कधीपासून बोलून दाखवत आहेत. त्या अटीविरुद्ध सगळ्यात जास्त ओरडा कुणी केला? थोरल्या युबँकने. याच माणसाने मार्च २०१६ मध्ये निक ब्लॅकवेलविरुद्धच्या लढतीत मुलाच्या कोपऱ्यात उभं राहून सांगितलं होतं की रेफरी थांबवत नसेल तर याच्या डोक्यावर मारू नकोस, अंगावर मार. लोक त्याला नाटकी म्हणून हसतात. मला वाटतं, १९९१ ची ती रात्र बोर्डापेक्षा त्याला जास्त नीट कळली आहे.

ब्लॅकवेलचं पुढे काय झालं हे इथे महत्त्वाचं आहे, कारण वॉटसनचं काम कुठे अपुरं राहिलं ते त्यात दिसतं. मार्चमधल्या त्या लढतीत मेंदूत रक्तस्राव होऊनही, रिंगजवळच्या व्यवस्थेमुळे तो कोमातून उठला. व्यावसायिक लढती त्याला कायमच्या बंद झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो एका जिममध्ये सरावाच्या लढतीसाठी उतरला आणि मेंदूला पुन्हा इजा झाली, या वेळी कितीतरी जास्त. सरावात ना रिंगजवळ भूलतज्ज्ञ असतो, ना रुग्णवाहिका उभी असते, ना किती फेऱ्या झाल्या याची कुणी नोंद ठेवतं. आणि बॉक्सरच्या डोक्याला आयुष्यभर बसणाऱ्या ठोशांपैकी बहुतेक तिथेच बसतात. लढतीच्या रात्रीची जबाबदारी कोर्टाने बोर्डाच्या गळ्यात घातली. सरावाच्या फेऱ्यांना मर्यादा, डोक्याला मार लागलेल्याला सक्तीची विश्रांती, परवाना गेलेल्याला जिममध्ये रिंग बंद, हे नियम बोर्डाने आता आपणहून लिहावेत. त्यासाठी आणखी एका बॉक्सरला व्हीलचेअरवरून कोर्टाची पायरी चढायला लावू नये.